हवाईचा आणि हवाईयन

आईचा निरोप घ्यायला मला जेमतेम मिनिटभर मिळालं. जुलै २०१४ ची सकाळ होती. हिलोहून विमानं बदलत न्यूयॉर्क आणि तिथून गाडीने हडसन नदीच्या काठाकाठाने वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, असा आमचा प्रवास झाला होता. एका मोठ्या सभागृहात आम्हा मुलांना आणि आईवडिलांना बसवलं, दिवसभरात काय काय होणार ते सांगितलं आणि मग म्हणाले, आता निरोप घ्या. आईने पर्समधून कागदाची पुडी काढली आणि चिमूटभर साखर माझ्या तोंडात घातली. दही कुठून आणणार! "नीट जेव," एवढंच ती म्हणाली. मी दारातून आत गेलो तेव्हा साखर अजून जिभेवर होती.

त्याच दिवशी लाल पट्टा कमरेला बांधलेल्या कॅडेटपुढे उभं राहावं लागतं. जमिनीवर एक रेषा आखलेली असते. "माझ्या रेषेपर्यंत ये. रेषेवर नको, रेषेच्या पुढे नको." इथून पुढे तोंडातून चारच उत्तरं निघू शकतात. हो सर, नाही सर, सबब नाही सर, मला समजलं नाही सर. दुपारपर्यंत डोक्यावरचे केस गेले आणि अंगावरचे कपडे बदलले. संध्याकाळी मैदानावर हजाराहून अधिक मुलांबरोबर हात वर करून मी शपथ घेतली. आई लांब कुठेतरी गर्दीत होती. नंतर तिने सांगितलं की सगळी डोकी सारखीच दिसत होती, ती चालीवरून मला शोधत राहिली आणि शेवटपर्यंत सापडलो नाही.

मी मूळचा पुण्याचा. चौथीपर्यंत सदाशिव पेठेतल्या मराठी शाळेत होतो. माझे वडील अभियंता. त्यांना मौना केआ पर्वतावरच्या एका दुर्बिणीवर काम मिळालं आणि २००६ साली आम्ही हवाईच्या मोठ्या बेटावर, हिलोला गेलो. हिलोत वर्षाला सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आईला पहिल्या वर्षी वाटायचं की आपण कोकणात येऊन पडलोय, फक्त समुद्र चुकीच्या दिशेला आहे. तिथे लोक घरात शिरताना चपला बाहेर काढतात, भात रोज खातात आणि ओळख असो वा नसो, वडीलधाऱ्या माणसाला अंकल नाहीतर आंटी म्हणतात. आम्हाला रुळायला वेळ लागला नाही. मराठी माझी सुटली नाही, कारण दर रविवारी पुण्याच्या आजीला एक पानभर पत्र लिहिल्याशिवाय आई समुद्रावर जाऊ द्यायची नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या महिन्यातच शिकलो. पंजाबात वाढलेल्या माणसाला आपण सहज पंजाबी म्हणून जातो. हवाईत वाढलेला माणूस हवाईयन होत नाही. हवाईयन म्हणजे मूळ बेटवासी, ज्यांचे पूर्वज होड्यांतून ताऱ्यांच्या आधाराने तिथे आले ते, कानाका माओली. बाकीचे आम्ही सगळे, जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज वंशाचे, आणि आता मराठीही, फार तर 'लोकल'. हा फरक तिथलं शेंबडं पोरही पाळतं. तो मी वेस्ट पॉइंटच्या जेवणाच्या टेबलावर मोडला. त्याचीच ही हकिकत आहे.

लष्करात जायचं माझ्या डोक्यात शेजारच्या जपानी आजोबांमुळे आलं. दुसऱ्या महायुद्धात ते ४४२ व्या रेजिमेंटमध्ये होते. ती जवळजवळ सगळी जपानी वंशाच्या अमेरिकन मुलांची रेजिमेंट, इटलीत आणि फ्रान्समध्ये लढलेली. त्यांच्या ओसरीवर बसून मी मिसिसिपीतल्या कॅम्प शेल्बीच्या गोष्टी ऐकल्या. हवाईची मुलं आणि मुख्य भूमीवरची मुलं तिथे एकत्र आली आणि पहिल्या दिवसापासून भांडायला लागली. हवाईच्या मुलांची बोली वेगळी, हसणं मोठं, पैसा हातात टिकत नाही. मुख्य भूमीवरची मुलं गप्प गप्प. मग एकदा हवाईच्या मुलांना आर्कान्सामध्ये, जपानी वंशाच्या कुटुंबांना डांबून ठेवलेल्या छावणीत नेलं. आपल्या सोबत्यांचे आईबाप आणि भावंडं काटेरी तारांच्या आत राहताना त्यांनी पाहिली आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये कोणी बोललं नाही. "त्यानंतर मारामाऱ्या थांबल्या," असं सांगून आजोबा पुढचं पपईचं झाड बघायला उठायचे. काउआई बेटावरच्या लिहुएचे एरिक शिन्सेकी १९६५ साली वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडले आणि १९९९ साली अमेरिकी भूदलाचे प्रमुख झाले, हेही मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या तोंडी ते नाव आपल्या गल्लीतल्या मुलाचं असावं तसं यायचं.

अर्जाची धावपळ वर्षभर चालली. वडिलांच्या नागरिकत्वाबरोबर मला नागरिकत्व मिळालेलं होतं, नाहीतर दारच बंद होतं. नुसते गुण असून भागत नाही, तुमच्या राज्यातल्या सिनेटरने किंवा काँग्रेस सदस्याने तुमचं नाव सुचवावं लागतं. त्यासाठी निबंध, शिफारशी आणि मुलाखत. शारीरिक चाचणीत गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा असतो. मी महिनाभर अंगणात तोच उद्योग करत होतो. निवड झाल्याचं कळलं त्या रात्री वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझा निर्णय आहे. फक्त पत्र लिहीत जा, आजीला लिहितोस तसं."

पहिले सहा आठवडे मूलभूत प्रशिक्षणाचे. त्याला तिथे सगळे 'बीस्ट' म्हणतात. पहाटे उठायचं, धावायचं, बंदूक उघडायची, पुसायची, जोडायची, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचे. फोन जवळजवळ नाहीच, पत्रं मात्र येतात. आम्ही घड्याळाने सहा तास पुढे होतो. आम्ही सकाळी साडेसहाला रांगेत उभे असायचो तेव्हा हिलोत मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असायचा. आई झोपली असेल, पाऊस पडत असेल, हे मनात आलं की पाय जरा जड व्हायचे.

पाठांतर वेगळंच. एक छोटं पुस्तक देतात आणि त्यातला शब्दन्‌शब्द तोंडपाठ लागतो. कलम हॉलमध्ये दिवे किती? तीनशे चाळीस. लस्क तलावात पाणी किती? सात कोटी ऐंशी लाख गॅलन, सांडव्यावरून पाणी वाहत असेल तेव्हा. युद्धस्मारकावर नावं किती? दोन हजार दोनशे तीस. लहानपणी पाढे आणि श्लोक घोकलेल्या मुलाला हे अवघड गेलं नाही, हे मी आजीला मुद्दाम कळवलं. तिला फार बरं वाटलं.

आणि एक ओळ आहे जी नुसती पाठ करून चालत नाही. कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि असं करणाऱ्याला पाठीशी घालणार नाही. पहिल्याच आठवड्यापासून यावर तास घेतले जातात. तिथे हे स्पष्ट सांगितलं जातं की अर्धंच सत्य सांगून समोरच्याचा मुद्दाम गैरसमज करून दिला, तर तेही खोटंच.

माझ्या तुकडीत हवाईचा आणखी एक मुलगा होता. तो पुनाचा. पुना म्हणजे मोठ्या बेटाचा आग्नेय भाग, किलाउएआ ज्वालामुखीच्या पायथ्याचा. मी पुण्याचा, तो पुनाचा. आईने पत्रात त्याला लगेच 'पुनेकर' करून टाकलं. त्याचं खरं नाव त्याच्या आजीने ठेवलेलं आहे, लांब आणि अर्थाने भरलेलं. ते मी इथे लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही म्हणून. तो खरा हवाईयन. केआआउमधल्या हवाईयन भाषेच्या शाळेत शिकलेला. गणितसुद्धा त्या भाषेतून. तेव्हा आमची ओळख म्हणजे रांगेत शेजारी उभं राहण्यापुरती.

जेवणाच्या टेबलावर दहा जण बसायचे. नव्या मुलांनी ताठ बसायचं, नजर ताटावर, घास लहान. वाढायची कामंही नव्या मुलांकडेच, एकाकडे थंड पेयं, एकाकडे गरम, एकाने केक मोजून सारखे तुकडे करून कापायचा. एका रविवारी रात्री वातावरण जरा सैल होतं. वरच्या वर्गातला एक जण मला म्हणाला, "हवाई, तू हवाईयन ना? काहीतरी हवाईयनमध्ये बोल."

मी म्हणायला हवं होतं की नाही सर, मी हवाईयन नाही. चार उत्तरांपैकी दुसरं. त्याऐवजी मी ताठ बसून म्हणालो, "ऊठ रे, साडेसहा वाजले, दूध गार होतंय."

आई रोज सकाळी हेच म्हणायची, तेच ओठावर आलं. टेबल खूश झालं. कोणी म्हणालं, किती गोड भाषा आहे. अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं की आमच्याकडे सकाळी असं म्हणतात. म्हणजे तेही शब्दशः खरंच. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे बघून हसलं होतं आणि मला ते हवं होतं. पुनेकर समोरच बसला होता. त्याने मान वर केली नाही.

रात्री बूट पुसायला आम्ही शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "ती कुठली भाषा होती?"

"मराठी. माझ्या आईची."

"छान आहे. मग ती आमची म्हणून का दिलीस?"

मला उत्तर सुचलं नाही. तो रागावलेला नव्हता, बुटावर कापड फिरवत होता. मग त्याने सांगितलं. १८९३ साली अमेरिकी जहाजावरचे सैनिक होनोलुलूत उतरले आणि राणी लिलिउओकलानीचं राज्य गेलं. १८९६ मध्ये शाळांमधून इंग्रजी हेच माध्यम सक्तीचं झालं. त्याच्या पणजीला शाळेत आपल्या भाषेत बोलली म्हणून पट्टी बसायची. तिने आपल्या मुलीला ती भाषा शिकवली नाही, मार नको म्हणून. त्या मुलीने, म्हणजे याच्या आजीने, पन्नाशीत रात्रीच्या वर्गाला बसून ती शिकून घेतली आणि मग नातवाला त्या शाळेत घातलं. "आमची भाषा जेमतेम वाचली आहे," तो म्हणाला. "तिच्या नावावर दुसरं काही खपवू नको. अगदी चांगलं असलं तरी."

दिवे बंद व्हायला वीस मिनिटं होती. मी उठलो, भिंतीच्या कडेने झपझप चालत गेलो आणि आमच्या तुकडीप्रमुखाचं दार वाजवलं. आत जाऊन म्हणालो, "सर, मी जेवणाच्या टेबलावर खोटं बोललो." तो स्वतः तिसऱ्या वर्षाचा मुलगा, एकवीस वर्षांचा असेल. त्याने पेन खाली ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. "कोणाला फसवलंस?" "टेबलाला सर. आणि..." मी पुनेकरचं नाव घेतलं. "मग टेबलाला सांग. त्याला तू काय सांगायचं ते तुझं तू बघ."

सकाळी न्याहारीला परवानगी मागून मी सांगितलं. मी हवाईत वाढलो, पण हवाईयन नाही, काल बोललो ती भाषा मराठी होती, भारतातली, आणि वाक्याचा अर्थ असा असा. माझा आवाज मला स्वतःलाच दुसऱ्याचा वाटत होता. टेबलप्रमुखाने एकदा मान हलवली, बस. त्या दिवशी थंड पेयांचं काम पुनेकरकडे होतं. त्याने काही न विचारता माझा ग्लास दुधाने काठोकाठ भरला आणि पुढे सरकवला.

ऑगस्टमध्ये पाठीवर ओझं घेऊन बारा मैल चालत आम्ही परत आलो आणि वर्ष सुरू झालं. पहिल्या वर्षाच्या कॅडेटला 'प्लीब' म्हणतात. कंपन्या नव्याने वाटल्या गेल्या आणि योगायोगाने आम्ही दोघे एकाच कंपनीत पडलो. दुसऱ्या सहामाहीत एकाच खोलीत. प्लीबने मार्गिकेत घड्याळाखाली उभं राहून ओरडायचं, रांगेला पाच मिनिटं उरली, आजचा गणवेश अमुक. वरच्यांचे धुतलेले कपडे दारोदार पोचवायचे. कोपऱ्यावर काटकोनात वळायचं. हे सगळं ऐकायला जाचक वाटतं. मला स्वतःला ते तितकं टोचलं नाही. हाताला सतत काम असलं की घरची आठवण मागच्या बाकावर बसते.

जाचक होता तो हिवाळा. जानेवारी ते मार्च या काळाला तिथे 'ग्लूम पीरियड' असंच नाव आहे. इमारती करड्या दगडाच्या, आकाश करडं, अंगावरचा गणवेश करडा. साडेचारला अंधार पडायला लागतो. हिलोत ढग असले तरी खालची जमीन इतकी हिरवी असते की डोळ्यांना उपाशी राहावं लागत नाही. इथे आठवड्यांनी आठवडे एक हिरवं पान दिसत नव्हतं. मला भाताची भूक लागायची, नुसत्या वाफाळत्या भाताची. आईचं खोकं यायचं. घरून येणाऱ्या खाऊला तिथे 'बूडल' म्हणतात. तिच्या बूडलमध्ये बेसनाचे लाडू आणि चिवड्याबरोबर हिलोच्या दुकानातला ली हिंग मुई, म्हणजे खारवलेला आंबटगोड सुका प्लम, असायचा. पुनेकरने चिवड्यात ली हिंग मुईची पूड मिसळून खायची टूम काढली. ते मिश्रण मी आजही करून खातो.

त्याला हिवाळा माझ्याहून जड गेला. रात्री झोपेत तो कुशीवरून कुशीवर होत राहायचा. एका रविवारी आम्ही नदीवर गेलो. हडसनवर बर्फाच्या लाद्या वाहत होत्या. तो बघत राहिला आणि म्हणाला, "उलट्या चालल्यात." खरंच, बर्फ समुद्राकडून वर, उत्तरेकडे सरकत होता. हडसनमध्ये भरतीचं पाणी वेस्ट पॉइंटच्याही पुढे, कितीतरी मैल वर जातं. इथल्या मूळच्या लोकांनी या नदीला दोन्हीकडे वाहणारी म्हणूनच नाव दिलेलं आहे. त्याने हातमोजा काढला, काठच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट लागलं की नाही ते सांगितलं नाही. पण त्यानंतर भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्याच्या मेजाच्या खणात असायचं आणि मोकळा तास मिळाला की भरतीच्या वेळी तो नदीवर जायचा.

पोहण्याचा तास हा त्याचा. सगळ्यांना गणवेशात, बूट घालून, पाठीवर ओझं आणि हातात रायफल घेऊन पोहावं लागतं. पाण्याची भीती असलेल्या, बुडणाऱ्या मुलांना तिथे 'रॉक' म्हणतात, दगड. कॅन्ससचा एक दांडगा मुलगा पाण्यात उतरला की पांढरा पडायचा. पुनेकर त्याला संध्याकाळी तरणतलावावर घेऊन जायचा. शिकवताना तो आधी पोहायला सांगतच नसे. नुसतं उताणं पडून राहायचं, कान पाण्याखाली, आणि आपला श्वास ऐकायचा. त्याची आजी असंच शिकवते म्हणे. तो मुलगा मार्चमध्ये पास झाला आणि दोघांनी मिळून चार ताटं जेवण फस्त केलं.

२ एप्रिल २०१५ ची गोष्ट सांगायला मला आजही शब्द जपून निवडावे लागतात. मौना केआवर तेरा दुर्बिणी होत्या. आता तीस मीटर व्यासाच्या आरशाची नवी, प्रचंड दुर्बीण व्हायची होती. भारत तिच्यात भागीदार आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली माणसं हिलोला आली की आमच्याकडे जेवायला असायची. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून आकाशगंगांची चित्रं बघितली होती. हवाईयन लोकांसाठी तो पर्वत पूर्वज आहे, आकाशपित्याचं आणि भूमातेचं अपत्य, म्हणजे घरातलाच थोरला. त्या दिवशी बांधकामाची वाट अडवून उभ्या राहिलेल्या एकतीस जणांना अटक झाली. पुनेकरची मावशी त्या रस्त्यावर होती. माझे वडील त्याच रस्त्याने वर्षानुवर्षं कामाला जात होते.

दोघांचेही फोन एकाच संध्याकाळी आले. खोली दहा बाय पंधराची असेल. आम्ही आपापल्या मेजाकडे तोंड करून बसलो, पाठीला पाठ. अभ्यासाचे तीन तास गेले. मग त्याने विचारलं, "तुझे वडील वर काय बघतात?"

मी सांगितलं की ते स्वतः फार बघत नाहीत, आरशामागची यंत्रणा सांभाळतात. पण त्या आरशातून इतका जुना प्रकाश येतो की तो निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती. त्याने ऐकलं. "सुंदर आहे," म्हणाला. "तुमच्याकडे असा डोंगर आहे, ज्यावर तू हे होऊ देणार नाहीस?"

माझ्या डोळ्यांपुढे जेजुरी आली. आमचं कुलदैवत खंडोबा. आजीबरोबर पायऱ्या चढताना हातापायांना लागलेला भंडारा आठवला. गडाच्या माथ्यावर तेरा घुमट उभे आहेत आणि चौदावा सगळ्यांत मोठा होणार आहे, असं मनात आणून बघितलं. "आहे," मी म्हणालो. एवढंच बोलणं झालं.

रविवारी मी वडिलांना फोनवर जेजुरीचं सांगितलं. बराच वेळ तिकडून फक्त पावसाचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "मलाही ते वर जाताना रोज वाटतं. आणि आरसा उघडला की दुसरंच वाटतं. दोन्ही खरं आहे बाळा." वडील मला तोवर कधी असं उत्तर न देता बोलले नव्हते.

मग तू या गणवेशात का आलास, हे मी पुनेकरला एकदा विचारलं होतं. त्याच्या आजीला ते मुळीच पसंत नव्हतं. तिच्या आजीने १८९७ साली विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर सही केली होती. त्या अर्जावर एकवीस हजारांहून अधिक हवाईयन माणसांच्या सह्या आहेत. तो म्हणाला, मौना केआ आणि मौना लोआच्या मधे पोहाकुलोआ आहे, एक लाख एकरांहून मोठं लष्करी क्षेत्र. लहानपणी तिथून जाताना तोफांचे आवाज ऐकू यायचे. तिथे काय पडायचं आणि काय नाही हे ज्या खोलीत ठरतं, तिथे आमच्यातला एक जण बसलेला असावा. आजीला हे पटलं नाही. पण विमानतळावर सोडायला ती आली होती.

पुढची तीन वर्षं भराभर गेली. बॉक्सिंगमध्ये माझं नाक फुटलं, गणिताने मला तारलं आणि त्याला इतिहासाने. दुसऱ्या वर्षी जंगलात, तिसऱ्या वर्षी आम्हीच नव्या मुलांसमोर उभे. माझ्या टेबलावर एका नव्या मुलीला कोणी तिच्या गावाबद्दल काही बोलून दाखव म्हणालं, तेव्हा मी आधी म्हणालो, तू काय नाहीस हे सांगायचीही इथे मुभा आहे. डिसेंबर २०१७ चा आर्मी-नेव्ही हा अमेरिकन फुटबॉलचा सामना फिलाडेल्फियात भर हिमवृष्टीत झाला. आमच्या संघाचा पोशाखसुद्धा पांढराशुभ्र. नेव्हीची शेवटची किक खांबाबाहेर गेली आणि आम्ही १४-१३ असे जिंकलो. भुवयांवर बर्फ साठलेला पुनेकर रडत होता. म्हणाला, थंडीने पाणी येतंय.

३ मे २०१८ ला पुनामध्ये जमीन फाटली. लेलानी इस्टेट्सच्या रस्त्यांमधून लाव्हा वर आला. आमच्या शेवटच्या परीक्षा तोंडावर होत्या. रात्री तो नकाशावर नव्या भेगांवर खुणा करत बसायचा. सतरा, अठरा, एकोणीस. त्याच्या आजीचं घर कपोहोला, समुद्राकाठी. लाव्हा कुठे वळेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. त्याने तिला सांगितलं, पदवीदानाला येऊ नकोस, सामान हलव. ती म्हणाली, "सामानाचं पेले बघेल. मी तुला बघायला येते." पेले म्हणजे ज्वालामुखीची देवी.

२६ मे ला टोप्या हवेत उडाल्या आणि गर्दी मैदानात उतरली. यावेळी आईने मला लगेच शोधलं. तिच्या हातात साखरेची पुडी होती आणि छोट्या डबीत दही. न्यूजर्सीत मिळालं म्हणाली. पुनेकरची आजी, तिला सगळे तुतू म्हणत, सत्तरीची, पायांनी थकलेली पण ताठ. तिने अंगणातल्या 'ती' नावाच्या झाडाच्या पानांच्या दोन लेई, म्हणजे माळा, वळून आणल्या होत्या. फुलांच्या काही लेई बेटाबाहेर नेऊ देत नाहीत, 'ती'च्या पानांना अडचण नसते. एक तिने नातवाच्या गळ्यात घातली, कपाळाला कपाळ लावून श्वास घेतला. दुसरी माझ्या. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तूच ना तो, दूध गार होतंयवाला?"

चार वर्षांपूर्वीच त्याने तिला सगळं सांगितलं होतं. मी मान खाली घातली. तिने ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतलं, तीनदा, उच्चार नीट बसेपर्यंत. आई शेजारी उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या एका मैदानावर एक अनोळखी म्हातारी बाई आपलं रोजचं वाक्य का घोकते आहे, हे तिला कळेना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कपोहोचा उपसागर लाव्हाने भरून गेला. घर गेलं, अंगण गेलं, 'ती'ची झाडं गेली. मावशीच्या घरी आधीच दोन कुटुंबं उतरली होती. आईने मला न विचारताच पाहुण्यांच्या खोलीत चादरी घातल्या. मी रजेवर हिलोला होतो. तुतू आमच्याकडे आली ती एक पिशवी, काही फोटो आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले 'ती'चे चार दांडे घेऊन. ते तिने घर सोडताना कापून घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते आमच्या कुंपणाशी लावले. वडिलांनी खड्डे खणले.

वडिलांची त्या महिन्यात रात्रपाळी होती. दुपारनंतर ते डोंगरावर निघत. तुतूने त्यांना ते कुठे जातात, काय करतात, हे कधी विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. त्या रस्त्यावर वाट अडवायला उभी राहिली होती ती तिचीच मुलगी. ओसरीवरच्या खुर्चीत बसून ती वडिलांना गाडीकडे जाताना बघायची. पहिले चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी गाडी सुरू झाल्यावर तिने हाक मारली.

"वर थंडी असते. स्वेटर घेतलास का?"

वडील गाडीतून उतरले आणि स्वेटर घ्यायला घरात आले.